बेडरूमला बांबूचं फ्लोअरिंग : कुणी केलंय का? (ठाणे, सहावा मजला)

माणगेवाला

नमस्कार मंडळी. घराचं काम काढलंय (म्हणजे बायकोने काढलंय, मी फक्त ईएमआय काढणार). ठाण्यात सहाव्या मजल्यावर टू बीएचके, बिल्डरने दिलेल्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाईड लाद्या, चौदा वर्षं झाली, एका बेडरूममध्ये तीनचार लाद्या पोकळ वाजतात आणि एक तर कोपऱ्यातून उचलली गेलीये, रात्री पाण्याला उठलं की हमखास तिच्यावरच अंगठा आपटतो. तर त्या एका खोलीला, साधारण १२ बाय ११, बांबूचं फ्लोअरिंग करावं असं डोक्यात आहे.

आमचं गाव कुडाळच्या बाजूला, घरामागे माणग्याची (आमच्या कोकणातला बांबू) अकरा बेटं, बाबा अजून दरवर्षी काठ्या विकतात. लहानपणापासून बांबू म्हणजे काय तर मांडव, कुंपण, आंब्याच्या झेल्याची काठी. गेल्या रविवारी दुकानात सॅम्पल बघायला गेलो, गुळगुळीत, मधाच्या रंगाची पट्टी, दुकानदार म्हणे शंभर टक्के इकोफ्रेंडली, ३४० रुपये स्क्वेअर फूट, फिटिंग वेगळं. खोकं वळवून बघितलं तर मेड इन चायना. घरामागे अकरा बेटं आणि पायाखाली घालायला बांबू चीनमधून आणायचा, हे काही पचेना.

तर मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक, मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात हे टिकतं का? दोन, इकोफ्रेंडली म्हणतात ते खरंच आहे का नुसतं हिरवं स्टिकर? तीन, (हसू नका) गावच्या माणग्यापासून अशा पट्ट्या करून घेता येतात का?

टपरीवरचा_चहा

तिसऱ्या प्रश्नाला हसलो. सॉरी.

अळूवडी

आम्ही केलं होतं, पुण्यात, हॉल आणि डायनिंग दोन्हीकडे. हॉलचं अजून छान आहे. डायनिंगचं तीन वर्षांत काढलं. सांगते काय झालं ते.

आमच्याकडे फरशी पुसायला येतात त्या मावशी म्हणजे एकदम मनापासून काम करणाऱ्या, बादलीत फिनेल, फडकं जेमतेम पिळलेलं, आणि फरशीवर पाण्याचा तवंग दिसल्याशिवाय पुसल्यासारखं वाटतच नाही त्यांना. मी शंभरदा सांगितलं की इथे घट्ट पिळून पुसा, त्या हो म्हणायच्या आणि मी ऑफिसला गेले की परत तेच. त्यात फिल्टरच्या नळाखाली थेंब थेंब गळत होतं, ते आम्हाला कळलंच नाही, कारण पाणी वर दिसतच नव्हतं, जोडातून खाली फोममध्ये जात होतं. एक दिवस चालताना पायाला काहीतरी वेगळं लागलं, वाकून बघितलं तर पट्ट्यांच्या दोन्ही कडा वर आणि मध्ये खोलगट, अगदी पन्हळीसारखं. दुकानदाराला फोटो पाठवले तर म्हणाला वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही, आणि हाच माणूस विकताना "वॉटर रेझिस्टंट आहे ताई, काही होत नाही" म्हणत होता. लेखी काही घेतलं नव्हतं, चूक माझीच.

तेव्हा बेडरूमला बिनधास्त करा, पण जिथे पाणी आहे तिथे नको. आणि आधी पोछा मारणाऱ्या व्यक्तीची परवानगी घ्या, सोसायटीची नंतर.

टपरीवरचा_चहा

"सोसायटीची नंतर" :))

रंधा

धाग्याचं नाव बघून आलो. मी इंटिरिअरची कामं घेतो, बांबू फ्लोअरिंग पंधराएक ठिकाणी घातलंय, दोन ठिकाणचं काढलंय पण. जरा सविस्तर लिहितो, कारण लोक "बांबू फ्लोअरिंग" म्हणून तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकतात.

बांबू आतून पोकळ असतो, त्याची थेट फळी निघत नाही. तो उभा चिरून कामट्या काढायच्या, बाहेरची हिरवी साल आणि आतला मऊ भाग तासून टाकायचा (सालीत सिलिका आणि मेण असतं, त्यावर गोंद धरत नाही), मग उकळून वाळवायच्या. या कामट्या आडव्या झोपवून थर चिकटवले की होरिझॉंटल. त्यात बांबूची रुंदी दिसते, पेरं दिसतात, बघितल्या बघितल्या कळतं की हा बांबू. त्याच कामट्या कडेवर उभ्या लावल्या की व्हर्टिकल, बारीक रेघांचं दिसतं. आणि तिसरा प्रकार स्ट्रँड वोव्हन, त्यात कामट्या चेचून धागे धागे करतात, रेझिनमध्ये बुडवतात, वाळवून साच्यात घालून प्रचंड दाबाखाली ठोकळा करतात आणि तो चिरून पट्ट्या काढतात. याचा तुकडा बादलीत टाकून बघा, बुडतो.

कडकपणा मोजायची जांका म्हणून टेस्ट असते, साधारण सव्वाअकरा मिलीमीटरची स्टीलची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. सागवान हजार पौंडाच्या आसपास, अमेरिकेतला रेड ओक १२९०, साधा होरिझॉंटल बांबू ओकच्या आसपास आणि चांगला स्ट्रँड वोव्हन तीन हजाराच्या घरात. आणखी एक मेख आहे. कॉफीच्या रंगाची जी पट्टी असते ना, कार्बनाईज्ड, तो रंग वरून लावलेला नसतो, दाबाखाली वाफेत शिजवून बांबूतली साखर करपवलेली असते. दिसतं भारी, पण त्याने बांबू मऊ पडतो. त्यामुळे होरिझॉंटल आणि कार्बनाईज्ड असं दोन्ही घेतलंत आणि घरात चाकांची खुर्ची असेल तर सहा महिन्यांत जमिनीवर नकाशा उमटणार.

आता पावसाळा. बांबू म्हणा लाकूड म्हणा, हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, फुगतं आणि आकसतं. जुलैत मुंबईची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. त्यामुळे पट्ट्या आणल्या की त्याच दिवशी ठोकायच्या नाहीत, पेट्या त्याच खोलीत आडव्या ठेवायच्या, कमीत कमी तीन दिवस, स्ट्रँड वोव्हन असेल तर आठ-दहा दिवस, कारण तो ओलावा घेतो पण सावकाश घेतो. चारही भिंतींच्या कडेला १० मिलीमीटर फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. लोकांना ही फट बघवत नाही, एका गिऱ्हाईकाने माझ्या पोराला ती पुट्टीने भरायला लावली, पावसाळ्यात फ्लोअर मधोमध तंबूसारखा उठला आणि फोन मला!

जुन्या लादीवर फ्लोटिंग पद्धतीने (म्हणजे लादीला न चिकटवता) बसतं, लादी फोडायची गरज नाही. पण पोकळ आणि उचललेल्या लाद्या आधी पक्क्या करून घ्या. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर फोम, त्यावर पट्टी, म्हणजे सोळा-सतरा मिलीमीटर उंची वाढली. दार खालून तासावं लागेल. वॉर्डरोबचं दार जमिनीला टेकतंय का ते आत्ता बघा, नंतर नको. आणि हे सगळं पावसाळ्यात अजिबात करू नका, दसऱ्यानंतर करा.

माणगेवाला

@रंधा साष्टांग नमस्कार! वॉर्डरोबचं दार आत्ताच बघून आलो, खाली फट बारा मिलीमीटरच आहे. म्हणजे सुतार पण आला.

एक विचारायचं राहिलं, या खोलीची एक भिंत पश्चिमेची आहे, पावसाळ्यात खालून वीतभर ओल येते.

रंधा

मग फ्लोअरिंग विसरा आणि आधी ओल बघा. बाहेरून क्रॅक भरून घ्या. एक पावसाळा कोरडा गेला की मग पुढचं. लादीखालून ओल येतेय का बघायला दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद लादीवर चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, एक दिवस ठेवा, आतून घाम धरला तर फ्लोअरिंग करू नका.

जर्सीकर

आमच्याकडे उलटं दुखणं. न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने खाली सगळीकडे बांबू घातलेला. उन्हाळ्यात मस्त. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि पट्ट्यांमध्ये फटी पडतात, एक रुपयाचं नाणं उभं जाईल एवढ्या. त्यात खोबऱ्याचा कीस, तीळ, रवा, काय काय अडकलेलं असतं विचारू नका. मे महिन्यात परत मिटतात. आता ह्युमिडिफायर लावून चाळीसच्या वर ठेवतो.

दुसरं म्हणजे ऊन. खिडकीसमोर रग होता, तो दोन वर्षांनी उचलला तर खालची जमीन वेगळ्या रंगाची. पहिल्या वर्षी गालिचे घालू नका किंवा सरकवत राहा.

हिरवळ

बांबू इतर झाडांपेक्षा ३५ टक्के जास्त ऑक्सिजन देतो. दिवसाला तीन फूट वाढतो. त्यामुळे घरात बांबू म्हणजे निसर्गाच्या कुशीत राहण्यासारखंच!

टपरीवरचा_चहा

फ्लोअरिंग झालेला बांबू ऑक्सिजन सोडत नाही हो ताई.

बेंझीन

तो ३५ टक्क्यांचा आकडा मी पण दर पर्यावरण दिनाला व्हॉट्सअॅपवर बघतो, कुठल्या झाडापेक्षा, किती जागेत, किती वर्षांत, काही पत्ता नाही. सोडून द्या. दिवसाला तीन फूट मात्र काही जातींच्या बाबतीत खरं आहे, विक्रम ९१ सेंटीमीटरचा आहे. पण त्यावरून लोक समजतात की बांबू वर्षात तयार होतो, ते चूक. त्याबद्दल वेळूबनने लिहावं, तो या धाग्यावर कसा नाही अजून.

मी गोंदाबद्दल बोलतो. या पट्टीतला बांबू कितीही सोवळा असला तरी त्याला धरून ठेवणारं जे आहे ते फॉर्मल्डिहाईडवालं रेझिन आहे. स्वस्त मालात युरिया फॉर्मल्डिहाईड असतं, ते ओलावा आणि उष्णतेने हळूहळू सुटतं आणि खोलीत फॉर्मल्डिहाईड सोडत राहतं, नवीन कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, तेच. फिनॉल फॉर्मल्डिहाईड बरंच स्थिर, पाण्यालाही जास्त टिकतं आणि वायू फार कमी सोडतं, स्ट्रँड वोव्हनमध्ये बहुतेक तेच असतं. फॉर्मल्डिहाईडने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने केव्हाच पहिल्या गटात टाकून मान्य केलंय, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत. घाबरायचं कारण नाही, मात्रा महत्त्वाची. किती वायू सुटतो त्याच्या मर्यादेची खूण म्हणून खोक्यावर ई-वन, ई-झिरो किंवा कार्ब फेज टू असं छापलेलं असतं. ई-वन म्हणजे ढोबळमानाने हवेत ०.१ पीपीएमच्या आत. नुसतं छापलेलं बघून विश्वास ठेवू नका, टेस्ट रिपोर्ट मागा, आणि त्यावरचा बॅच नंबर खोक्याशी जुळतोय का बघा. दुकानदार "रिपोर्ट कशाला साहेब" म्हणाला की चहा पिऊन उठायचं.

नाकानेही कळतं थोडंफार. पट्टीचा तुकडा बरणीत घालून झाकण लावून दोन दिवस उन्हात ठेवा आणि उघडून वास घ्या. शास्त्रीय नाही पण मी करतो.

अळूवडी

बरणीची आयडिया भारी आहे, पण लोणच्याची बरणी घेऊ नका म्हणजे झालं.

वेळूबन

आलो आलो. माझी स्वतःची सात एकर लागवड आहे, त्यामुळे जरा लांबेल.

बांबू गवताच्या कुळातला. त्याचा कोंब जमिनीतून निघतो तोच पूर्ण जाडीचा निघतो. आंब्यासारखा दरवर्षी खोडाने जाड होत नाही. त्या जाडीने तो तीनचार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, आणि मग वाढतच नाही. दिवसाला तीन फूट वगैरे सगळं या तीनचार महिन्यांतलं. त्यानंतर तीन ते पाच वर्षं तो फक्त आतून पक्का होत असतो, पाणी कमी होतं, लाकूडपण येतं. बाहेरून वर्षाचा आणि चार वर्षांचा सारख्याच उंचीचा. म्हणून घाईत असलेला व्यापारी वर्ष-दोन वर्षांचा कोवळा माल उचलतो, आणि तोच पुढे मऊ पट्टी होऊन तुमच्या बेडरूममध्ये येतो. आमच्याकडचे जुने लोक हाताने सांगतात. कोवळ्या काठीवर पांढरट भुकटी आणि कोषाची पानं चिकटलेली असतात, पिकलेली काठी पिवळसर, डागाळलेली, शेवाळ धरलेली, आणि कोयत्याच्या पाठीने वाजवली की खणखणते.

तर माणगेवाला साहेब, तुमचा तिसरा प्रश्न. माणगा मला जीव की प्राण आहे, सरळ, बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, फर्निचरला त्याच्यासारखा नाही. पण फ्लोअरिंगला नको तो, आणि कारण तो वाईट आहे असं नाही, तर तो बारीक आहे. मनगटाएवढीच जाडी. त्यातून सपाट कामटी काढायची म्हणजे गोलाई तासण्यातच अर्धा माल भुसा होतो. चीनमधला मोसो बांबू चार ते सहा इंच जाड, त्याची भिंत चांगली जाड, एका काठीतून सपाट कामट्या भराभर निघतात. झेजियांगमध्ये आन्जी नावाचा तालुका आहे, तिथले डोंगरच्या डोंगर मोसोचे, आणि जोडीला एका कारखान्याची साल दुसऱ्याचं जळण, चुरा तिसऱ्याचा कोळसा अशी सगळी साखळी. नव्वदच्या दशकापासून जगाचं बांबू फ्लोअरिंग तिथून निघतंय. स्वस्त पडतं ते यामुळे.

आणि कामटीला ट्रीटमेंट नाही केली तर भुंगा. बांबूत स्टार्च असतो, भुंग्याचं ते पंचपक्वान्न. टोपलीखाली पीठ पडलेलं बघितलं असेल सगळ्यांनी. कोकणात अमावास्येच्या आसपास तोडायचा, पावसाळ्यात तोडायचा नाही, वहाळात (ओढ्यात) दगडाखाली महिनाभर बुडवून ठेवायचा, हे सगळं स्टार्च कमी करायचेच उद्योग. अमावास्येचं मला सांगता येणार नाही, पण वहाळातलं खरं आहे, मी करून बघितलंय. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात बुडवतात. कुडाळमध्ये कोनबॅक ही संस्था हे काम करते, तुमच्या गावापासून जवळच असेल, एकदा जाऊन या. फ्लोअरिंग नाही मिळणार पण माणग्याचं काय काय होतं ते बघून बाबांना पण बरं वाटेल.

वैनगंगा

विदर्भ हजेरी लावतोय.

तुमच्या या "चीनमधून का आणायचा" प्रश्नाचं अर्धं उत्तर कायद्यात आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूला झाड धरलेलं. शेताच्या बांधावरचा स्वतःचा बांबू तोडून गाडीत घालायचा तर वाहतूक परवाना, वनखात्याच्या चकरा. कोण लावणार आणि कोण कारखाना टाकणार? २००६ च्या वनहक्क कायद्यात तो गौण वनउपज (गावाला गोळा करून विकता येतो असा जंगलातला माल) झाला, तरी प्रत्यक्षात वाहतूक परवान्याचं पासबुक हातात पडायला आमच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला एप्रिल २०११ उजाडलं, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. आणि जंगलाबाहेरचा बांबू झाड नाही हे मान्य व्हायला नोव्हेंबर २०१७. म्हणजे ९० वर्षं गवत झाड होतं. त्या काळात आन्जीवाले कुठल्या कुठे गेले.

आमच्याकडचा मानवेल बांबू भरीव आणि कणखर, लाठीला एक नंबर, पण वाकडातिकडा आणि गाठी जवळ जवळ, त्यामुळे तोही फ्लोअरिंगवाल्यांना आवडत नाही. आजवर आमचा बहुतेक माल कागद कारखान्यात जाऊन लगदा झाला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू प्रशिक्षण केंद्र आहे, आणि २०२३ मध्ये वणी-वरोरा हायवेवर २०० मीटर बांबूचा क्रॅश बॅरियर लावला, क्रिओसोट (लाकूड टिकवायचं) तेल पाजून वरून प्लास्टिकचं आवरण. म्हणजे ट्रक अडवेल एवढा बांबू आहे आमच्याकडे, सपाट करून गुळगुळीत करायचं तेवढं राहिलं.

टपरीवरचा_चहा

"९० वर्षं गवत झाड होतं" हे वाक्य मी ढापतोय.

वेळूबन

@वैनगंगा सपाट आणि गुळगुळीत पण होतं हो भारतात. नवीन संसद भवन, मे २०२३ ला उद्घाटन झालं ते, त्यात बांबूचं फ्लोअरिंग आहे आणि ते त्रिपुरातल्या आगरतळ्याहून आलंय. ईशान्येकडे जाड भिंतीचे बांबू भरपूर. केरळात सरकारी बांबू महामंडळानेही फ्लोअरिंग टाईल्स केल्यात. म्हणजे माल आहे, मुंबईतला दुकानदार ठेवत नाही एवढंच, कारण त्याला भिवंडीच्या गोडाऊनमधून चिनी माल उद्या सकाळी मिळतो.

शहाबादी

सगळं वाचलं. मी जरा खडा टाकतो, चालेल ना?

तुम्हाला पृथ्वीची एवढी काळजी आहे तर आत्ता जी लादी आहे ती ठेवा की. व्हिट्रिफाईड लादी भट्टीत बाराशेएक डिग्रीला भाजतात, तो गॅस एकदा जळून गेला, तुमच्या खोलीत पडून आहे. त्यावर अजून १३० स्क्वेअर फूट बांबू, फोम, प्लास्टिक, रेझिन, आणि जहाज-ट्रकचं भाडं घालून तुम्ही इकोफ्रेंडली कसे होणार? चार पोकळ लाद्या काढा, बारीक मॉर्टरने परत बसवा, दोन हजारात काम. बांबूची चटई हवी तर बुरूडआळीत जाऊन तट्टा आणा, त्या बिचाऱ्यांचा धंदा तरी होईल.

आणि चीनमधले ते डोंगर. मोसो सोडून दुसरं काही उगवू देत नाहीत कित्येक ठिकाणी, आधीचं मिश्र जंगल काढून बांबू लावलेला आहे, खतं घातलेली आहेत. झाड वाचवायला बांबू घ्या म्हणायचं आणि बांबू लावायला झाडं काढायची.

बेंझीन

@शहाबादी लादी ठेवण्याबद्दल पूर्ण सहमत. पण बदलायचंच असेल तर तुलना लादीशी नाही, दुकानात शेजारी कशाचं सॅम्पल आहे त्याच्याशी करायला हवी. तिथे असतं पीव्हीसीचं व्हिनाईल, लॅमिनेट (म्हणजे दाबलेला भुसा आणि वर सागवानाचा फोटो), आणि बर्माटीकच्या नावाने देव जाणे कुठलं. यांच्यात फिनॉलवालं बांबू बरं. बेट तोडून मरत नाही, मुळं तशीच राहतात, पुढच्या पावसाला नवे कोंब. साग बुंध्यातून फुटतो, पण परत फळी निघण्याएवढा व्हायला दशकं जातात.

शहाबादी

हे पटलं. पण मग १० वर्षांनी दुसऱ्या फॅशनला काढून फेकणार नाही असं लिहून द्या.

जर्सीकर

ते पट्टीवर अवलंबून. माझ्याकडची वरून पॉलिश घासून परत लॅकर मारता आली. वरचा थर अगदी पातळ असेल तर एकदाही घासता येत नाही. घेताना पट्टीची कड बघा, आतमध्ये एचडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) निघालं तर तो बांबू म्हणजे वडापावातली चटणी, नावापुरता.

माणगेवाला

मंडळी, अपडेट. बाबा गावाहून आलेत डोळ्यांच्या चेकअपला. दोन सॅम्पल डायनिंग टेबलावर ठेवली होती, एक स्ट्रँड वोव्हन, एक होरिझॉंटल. त्यांनी स्ट्रँड वोव्हन उचललं, उलटं केलं, नखाने टोकरलं, कडेने बघितलं आणि म्हणाले, "आणि पेरां खंय गेली?" मी म्हटलं बाबा ते चेचून परत दाबतात. म्हणाले, "म्हणजे ह्यो बांबू नाय, भुसो." मग होरिझॉंटल उचललं. त्यात पेराची गडद रेघ होती, त्यावर अंगठा फिरवत बसले बराच वेळ. बोलले काहीच नाहीत. मग विचारलं, "काय दरान?" मी सांगितलं. त्यांची अख्खी काठी किती रुपयाला जाते ते मी इथे लिहीत नाही, पण ते गप्प बसले ते चहा येईपर्यंत.

आता कडकपणात स्ट्रँड वोव्हन भारी हे कळतंय, पण मला पेरं दिसायला हवीत. @रंधा, बोला.

रंधा

पेरं बघायची असतील तर होरिझॉंटलच. नॅचरल रंग घ्या, कार्बनाईज्ड नको. बेडरूम आहे, चप्पल घालून कोणी फिरत नाही, चालून जाईल. पलंगाच्या पायांना फेल्ट, खुर्चीखाली मॅट. नारळ फोडायचा, खलबत्ता कुटायचा तो दुसऱ्या खोलीत, हसू नका, दादरच्या एका घरी वास्तुशांतीचा नारळ नव्या फ्लोअरवर फोडला होता, गुरुजींना कोणी अडवलंच नाही, तो खड्डा अजून आहे. आणि पॉलिशला पाणी सोसत नाही असं नाही, सांडलं तर पुसून घ्या, जोडात मुरू देऊ नका एवढंच.

हिरवळ

मग वाळवीचं काय? आमच्याकडे तळमजला आहे.

रंधा

तळमजल्याला मी घालत नाही. उकळून स्टार्च गेला की भुंगा बऱ्यापैकी टळतो, वाळवीला मात्र तेवढ्याने फरक पडत नाही, तिला जमिनीतून वाट मिळाली की ती बांबू, प्लाय, पुस्तकं, सगळं सारखंच खाते.

माणगेवाला

धागा वर काढतोय, दीड वर्षाने.

तेव्हा रंधासाहेबांचं ऐकून फ्लोअरिंग थांबवलं आणि आधी बाहेरची भिंत करून घेतली. सोसायटीशी भांडण वेगळं, त्याचा वेगळा धागा होईल. मधला पावसाळा भिंत कोरडी गेली. प्लास्टिकच्या कागदाला घाम आला नाही. दिवाळीनंतर काम केलं.

शोधाशोध करून त्रिपुराचा माल मिळवला, होरिझॉंटल, नॅचरल, रेट चिनीपेक्षा तीसेक रुपये जास्त आणि पाच आठवडे वाट बघावी लागली, ट्रान्सपोर्टवाला रोज "निघालंय" म्हणायचा. टेस्ट रिपोर्ट मागितल्यावर आला, ई-वन. बरणीचा प्रयोग पण केला, वास ओल्या गवतासारखा, डोळे नाही चुरचुरले. खोली १३२ स्क्वेअर फूट, माल १४५ घेतला, सहा पट्ट्या उरल्यात, त्या पलंगाखाली ठेवल्यात पुढेमागे बदलायला. दार तासलं. वॉर्डरोबचं दार पण तासलं. फट सोडली, बायकोने विचारलं ही फट कशाला, तिला हा धागा वाचायला दिला, ती अळूवडीताईंची फॅन झालीये.

पहिला पावसाळा आत्ता संपला. जुलैत दोन पट्ट्या किंचित कुरकुरायला लागल्या, कपाटाजवळ, ऑक्टोबरात आपोआप बंद झाल्या. बाकी काही नाही. पुसणाऱ्या मावशींसाठी वेगळा फ्लॅट मॉप आणला, त्यांना तो अजिबात आवडलेला नाही, "याने काय पुसलं जातंय" म्हणतात, पण वापरतात.

बाबा मे महिन्यात येऊन गेले. अनवाणी दोनदा फिरले, मग खाली बसले, एका पेरावर बोट ठेवून म्हणाले, "तीन वर्सांचो तरी आसतलो." पॉलिश मारलेल्या पट्टीवरून हे कसं कळलं ते मला विचारू नका. पलंग दिलेला असताना दुपारी जमिनीवरच झोपले, चटई पण नको म्हणाले.

@वेळूबन, कुडाळला कोनबॅकमध्ये जाऊन आलो दोघं. त्याबद्दल सवडीने.

वेळूबन

सवडीने नको, लगेच लिहा. काठ्यांना काय भाव सांगितला?

अळूवडी

आधी फोटो टाका!

माणगेवाला

टाकतो संध्याकाळी. लेकीने खुर्ची ओढत नेलीये खिडकीपर्यंत, ती रेघ तेवढी क्रॉप करून.

शहाबादी

क्रॉप न करता टाका.